कोकणासमोरच्या समुद्रतळाखालचे फॉल्ट जोडताना : माझा अनुभव

एमएस्सीच्या प्रबंधासाठी मला कोकण किनाऱ्यासमोरच्या समुद्रतळाखालचे फॉल्ट (खडक तुटून सरकलेल्या भेगा) हा विषय मिळाला. हाताशी जुन्या टू-डी सिस्मिक लाइन्स (ध्वनिलहरींच्या परावर्तनातून मिळालेले तळाखालचे उभे छेद) आणि मोजक्या विहिरींचे लॉग (खोलीनुसार खडकांच्या नोंदी). काम ऐकायला सोपं होतं. प्रत्येक लाइनवर ट्रॅपचा, म्हणजे दख्खनच्या लाव्हापासून बनलेल्या बेसाल्टचा, माथा पिक करायचा (ओळखून खूण करायची), फॉल्ट ओढायचे आणि सगळं जोडून नकाशा तयार करायचा. कस लागला तो जोडताना.

आपला पश्चिम किनारा एकाच झटक्यात तयार झालेला नाही. साधारण 8.8 कोटी वर्षांपूर्वी मादागास्कर सुटलं. 6.6 कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा ओतला गेला आणि त्याच्या मागोमाग सेशेल्स वेगळं झालं. आज इथे प्लेटची सीमा नाही, म्हणून याला पॅसिव्ह मार्जिन म्हणतात. पण त्या ताणात कवचाचे कोणते तुकडे खचले आणि कोणते वर राहिले, यावर पुढचं सगळं ठरलं. खचलेल्या भागात गाळ साचला. मुंबई हाय (मुंबईसमोरचा समुद्रतळाखालचा उंचवटा) वर राहिलं, त्याची पूर्वेची बाजू फॉल्टने कापलेली आहे. 1974 साली तिथे मायोसीन काळातल्या चुनखडीत तेल सापडलं आणि ते तयार झालं शेजारच्या खोलगट भागांतल्या जुन्या शेलमध्ये (चिखलापासून बनलेल्या खडकात).

पिकिंगला बसलं की ट्रॅपचा माथा पटकन सापडतो, इतकं ते परावर्तन ठळक असतं. त्याच्या खाली मात्र सगळं धूसर. बेसाल्ट बरीचशी ऊर्जा वरच परतवतो, त्यामुळे फॉल्ट खोलवर कसा वळतो हे सिस्मिकवर फारसं दिसत नाही. तिथे ग्रॅव्हिटीचे (गुरुत्वाकर्षणातले बारीक फरक दाखवणारे) नकाशे सोबत ठेवावेच लागतात.

एका लाइनवर मी बराच वेळ रेंगाळले. फॉल्टच्या खचलेल्या बाजूला परावर्तनं हातातल्या पत्त्यांसारखी पसरली होती. फॉल्टला टेकलेला थर जाड, लांब जावं तसा पातळ. म्हणजे गाळ पडत असतानाच फॉल्ट सरकत होता. वरच्या थरांची जाडी दोन्हीकडे सारखी होती. फॉल्ट कधी थंडावला ते या दोन प्रकारच्या थरांच्या सीमेवर बोट ठेवून सांगता येतं. इतकी सरळ साक्ष भूशास्त्रात क्वचित मिळते, मला तरी तो दिवस फार मोलाचा वाटला.

मग जोडणी. दोन शेजारच्या लाइन्सवर दोन फॉल्ट दिसतात. तो एकच आहे की वेगवेगळे? सॉफ्टवेअर सरळ रेघ ओढून मोकळं होतं. मी बेसमॅपची (लाइन्स कुठे आहेत ते दाखवणाऱ्या नकाशाची) प्रिंट काढली, रंगीत पेन्सिली घेतल्या आणि प्रत्येक फॉल्टचा थ्रो (दोन्ही बाजूंच्या थरांतला उभा फरक) अंतराप्रमाणे आलेखावर मांडला. एकट्या फॉल्टचा थ्रो सहसा मधल्या भागात सर्वात जास्त असतो आणि टोकांकडे शून्यावर येतो. माझ्या एका लांबलचक फॉल्टच्या आलेखावर दोन उंचवटे आले, मध्ये खोलगा. मुळात दोन फॉल्ट, पुढे वाढत जाऊन जुळलेले.

हा खोलगा फार महत्त्वाचा आहे. दोन फॉल्टची टोकं एकमेकांना समांतर पुढे जातात, तेव्हा मधला खडक उताराच्या पट्ट्यासारखा कलतो. त्याला रिले रॅम्प म्हणतात. फॉल्टचा थ्रो मोठा असतो तिथे वरची कडा उचलली जाते आणि नद्या मागे वळतात. रॅम्पवरून मात्र त्या बेसिनमध्ये (खचलेल्या, गाळ साचणाऱ्या भागात) उतरतात आणि वाळू आणतात. म्हणून वाळू शोधायची तर फॉल्ट कुठे संपतो ते आधी बघावं, असं माझं ठाम मत झालं.

दिशेचा प्रश्न उरला. माझे बहुतेक फॉल्ट उत्तर-वायव्य ते दक्षिण-आग्नेय. ही कर्नाटकातल्या धारवाडच्या प्राचीन खडकांचीच दिशा. भूशास्त्रज्ञ एस. के. बिस्वास यांनी 1980च्या दशकात मांडलं होतं की पश्चिम भारतातल्या रिफ्ट बेसिन (कवच ताणून फाटल्याने खचलेले भाग) धारवाड, अरवली आणि सातपुडा या जुन्या दिशांना धरून उघडल्या. कवच जिथे आधीच कमकुवत होतं तिथेच ते फाटलं. खंभात बेसिनही धारवाडच्या दिशेचीच, आणि आडव्या फॉल्टनी तिचे तुकडे पाडले आहेत. सुरतच्या बाजूला नर्मदेची दिशा आत शिरते आणि नकाशा गुंतागुंतीचा होतो.

प्रबंध जमा करण्याआधी गाइडनी एकच बदल सुचवला. जिथे लाइन्समधलं अंतर जास्त आहे तिथे फॉल्ट तुटक रेषेने दाखवायचा आणि प्रत्येक तुटक रेषेजवळ कशाच्या आधारावर जोडलं ते लिहायचं: थ्रोचा आलेख, ग्रॅव्हिटी की जुनी दिशा. तोंडी परीक्षेत जवळपास सगळे प्रश्न त्या तुटक रेषांवरच आले.