सायगॉनमधलं अंधारातलं जेवण: जा, पण एजंटमार्फत नको

‘एकदम शांत, रोमँटिक, आणि व्हेजचं आम्ही कळवलंय.’ मिट्ट अंधारात जेवायच्या त्या रेस्टॉरंटबद्दल आमच्या ट्रॅव्हल एजंटने हेच सांगितलं होतं. शांत नव्हतं, रोमँटिक नव्हतं आणि व्हेजचं त्याने काहीही कळवलेलं नव्हतं. वर त्या जेवणाचे म्हणून आमच्याकडून घेतलेले पैसे तिथल्या मेनूवरच्या दराच्या जवळजवळ दुप्पट होते. विचारलं तर म्हणे ‘ट्रान्सफर धरून’. तीच गाडी ग्रॅबवर (तिथलं ओला-उबरसारखं अ‍ॅप) किरकोळ पैशात मिळते. त्यामुळे पहिली गोष्ट: टेबल स्वतः बुक करा. रेस्टॉरंटच्या साइटवरून सरळ होतं, आणि काय खात नाही तेही तिथेच लिहिता येतं.

हो ची मिन्ह सिटीला (बोलताना तिथली माणसं सर्रास सायगॉनच म्हणतात) ‘नुआर’ हे रेस्टॉरंट २०१४ पासून आहे. जर्म डोर्नबॉस हा डच आणि वू आन्ह तू हा व्हिएतनामी, अशा दोघांनी ते काढलं. वाढणारे अंध किंवा अगदी कमी दिसणारे. ही कल्पना मूळची युरोपातली: १९९९ साली झ्युरिकला एका जुन्या चर्चच्या इमारतीत असं पहिलं रेस्टॉरंट सुरू झालं, २००४ मध्ये पॅरिसला.

हाय बा चुंग हा मोठा रस्ता आहे, पण नुआर त्याच्या बोळात आहे. सायगॉनमध्ये घर नंबरात तिरकी रेघ असली की समजायचं, घर रस्त्यावर नाही, आतल्या गल्लीत आहे. आमच्या ड्रायव्हरने मुख्य रस्त्यावर उतरवून दिलं आणि निघून गेला. त्याच रस्त्यावर ते प्रसिद्ध गुलाबी तान दिन्ह चर्च आहे. दुपारी ते पाहून संध्याकाळी इकडे यायचं ठरवलंत तर फेरा वाचेल. आम्ही सकाळपासून कू चीची (युद्धकाळातली) भुयारं करून आलो होतो. भुयारं उत्तम, त्यावर सगळ्यांनी लिहिलंय. पण तो दिवस आणि हे जेवण एकत्र करू नका. दमलेल्या माणसाला अंधार सोसत नाही.

आत गेल्यावर आधी उजेडात बसवतात, प्यायला देतात, डोळ्याला पट्टी बांधून लाकडी आकार खाचेत बसवायचा एक छोटा खेळ देतात. मेनूत पदार्थांची नावं नसतात. पौर्वात्य, पाश्चात्त्य की शाकाहारी एवढंच निवडायचं. मोबाइल, चमकणारी घड्याळं लॉकरमध्ये. बाथरूमला इथेच जाऊन या, नंतर दर वेळी कुणाला तरी हाक मारून बाहेर यावं लागतं. बाह्या सैल असतील तर दुमडा. पांढरं काही घालू नका.

मग पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून रांगेने आत. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा: ‘थोड्या वेळाने डोळे सरावतील’ असं काही होत नाही. डोळे अंधाराला सरावायला अर्धा तास लागतो हे खरं, पण सरावल्यावरही दिसायला थोडा तरी उजेड असावा लागतो. तिथे शून्य आहे. दिसेल, दिसेल करत डोळे ताणून बसलात तर डोकं दुखतं. सरळ मिटून घ्या. यूट्यूबवर जे व्हिडिओ दिसतात ते रात्री टिपणाऱ्या कॅमेऱ्याचे असतात, त्यावरून अंदाज बांधू नका.

आता तो भाग, ज्यासाठी मी हे लिहितेय. बरोबर नवरा आणि सासूबाई होत्या. आई (म्हणजे सासूबाईच) माळकरी, अंडंसुद्धा चालत नाही. एजंटने कळवलं नव्हतं हे काउंटरवर समजलं, तरी तिथल्या मुलीने तिथल्या तिथे तिन्ही ट्रे शाकाहारी करून दिले. मुख्य जेवणाचा ट्रे आला, त्यात वेगवेगळ्या वाट्या. आईंनी एक घास घेतला आणि चमचा खाली ठेवल्याचा आवाज आला. ‘यात रेषा आहेत गं. हे मांस आहे.’ मी म्हटलं, मश्रूम असेल. त्यांना ऐकूच गेलं नाही. अंधारात माणसं मोठ्याने बोलतात, का कोण जाणे, पण सगळीच बोलतात. शेजारच्या टेबलावर तर आरडाओरडा चालला होता. आईंना एका कानाने कमी ऐकू येतं, घरी ते जाणवत नाही, कारण त्या बोलणाऱ्याच्या ओठांकडे पाहतात. इथे ओठच दिसत नव्हते. तोंडात न गिळलेला घास, आजूबाजूला अनोळखी भाषेतला गोंगाट आणि आमचे आवाज पोचत नाहीत. मी त्यांचा हात शोधत होते तर हाताला सोयासॉसची वाटी लागली.

आमच्या वाढणाऱ्याला हाक मारावी लागली नाही. तो आला, आईंच्या हाताच्या पाठीवर स्वतःचा हात टेकवला, आणि वाकून त्यांच्या डाव्या कानाशी सावकाश म्हणाला, ‘मश्रूम. नो मीट.’ मग शेजारच्या टेबलाला हळू बोलायला सांगितलं. आईंनी तो घास गिळला. डावा कान चांगला आहे हे त्याला कसं कळलं, ते बाहेर आल्यावर विचारलं. बोलताना त्यांचा आवाज कुठल्या बाजूला वळतो त्यावरून, म्हणाला. आम्हा तिघांत जे कुणाला सुचलं नाही ते त्याने केलं. पेल्याच्या काठावरून बोट आत सोडून पाणी ओतायचं, बोटाला लागलं की थांबायचं, हेही त्यानेच शिकवलं. थेंब सांडला नाही.

म्हणून ठाम सांगते: ज्यांना कमी ऐकू येतं त्यांना इथे नेऊ नका. याच मंडळींचं ‘ब्लाँक’ नावाचं दुसरं रेस्टॉरंट २०१७ पासून आहे, तिथे वाढणारे कर्णबधिर आहेत आणि ऑर्डर खुणांनी द्यायची असते. आईंना तिथे न्यायला हवं होतं, पण पॅकेजमध्ये ते नव्हतं. लहान मुलंही नकोत. आणि संध्याकाळची अगदी पहिली वेळ घ्या, गर्दी आणि गोंगाट दोन्ही कमी.

शाकाहाऱ्यांसाठी आणखी एक. व्हिएतनाममध्ये भाजीच्या पदार्थातही माशाचा सॉस, नुअक माम, सर्रास पडतो. ‘व्हेजिटेरियन’ म्हणण्यापेक्षा ‘आन चाय’ म्हणा, लगेच समजतं. तिथले बौद्ध लोक पौर्णिमेला आणि चांद्र महिन्याच्या पहिल्या दिवशी असं जेवतात. पण या चाय जेवणात मांसासारखे लागणारे पदार्थ मुद्दाम केलेले असतात. उजेडात ते दिसून कळतं. अंधारात कळणार नाही. घरच्या मोठ्यांना आधी सांगून ठेवा.

अंधारात चव वाढते, असं जिकडेतिकडे लिहिलेलं असतं. मला तरी पटलं नाही. ओळख पुसली जाते, एवढंच. २००१ साली फ्रान्समधल्या बोर्दोतल्या संशोधकांनी पांढऱ्या वाइनमध्ये लाल रंग घालून ५४ विद्यार्थ्यांना दिली, तर त्यांनी तिचं वर्णन रेड वाइनच्या शब्दांत केलं. डोळे जिभेला सांगतात. जेवण झाल्यावर काय खाल्लं त्याचे फोटो दाखवतात; नवरा ज्याला भोपळा म्हणत होता ते रताळं होतं. पदार्थ चांगलेच होते, पण चवीसाठी जायचं तर सायगॉनमध्ये याहून स्वस्त आणि सरस शेकडो जागा आहेत. इथे जायचं ते वाढणाऱ्यांसाठी. टिप रोख आणि त्यांच्या हातात द्या, किती रुपयांची नोट आहे ते तोंडाने सांगून. म्हणजे डाँगची, तिथल्या नोटांवर शून्यं खूप असतात, आधीच वेगळी काढून ठेवा.

एवढ्यासाठी व्हिएतनाम गाठायचं नसेल तर हैदराबादला इनऑर्बिट मॉलमध्ये ‘डायलॉग इन द डार्क’ हे अंधारातलं प्रदर्शन आहे, तिथेही अंधारातल्या जेवणाचा भाग आहे. जाण्याआधी फोन करून वेळा विचारा. फोन स्वतः करा.