सहा सेंटिमीटर पाणी

मुलुंडच्या आमच्या घरातील पहिल्या फिशटँकचे पाणी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी संपूर्ण उपसले जाई. मासे बादलीत काढायचे, खडी तांदूळ धुवावेत तशी नळाखाली पाणी निवळेपर्यंत धुवायची, फिल्टरचा स्पंज पिळून घ्यायचा आणि ताजे पाणी भरायचे, हा नेम मीच लावला होता. बुधवार उजाडेपर्यंत मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडमीट करू लागत, आणि पाणी इतके स्वच्छ दिसत असताना त्यांचे काय बिघडते आहे, हे मला कळत नसे. त्या वर्षी आमचे नऊ मासे गेले. ती चूक माझीच होती, आणि तिचे कारण समजल्यावर मी पाणी बदलण्याचा हिशेब पहिल्यांदा कागदावर मांडला.

कारण असे की माशांच्या श्वसनातून आणि विष्ठेतून, तसेच उरलेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया तयार होतो. खडीवर आणि स्पंजवर वाढणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पहिली दोन रूपे अगदी थोड्या प्रमाणातही घातक असतात, तर नायट्रेट बरेच साचले तरच त्रास देते. क्लोरीन असलेल्या नळाच्या पाण्याने खडी आणि स्पंज धुऊन मी महिन्याला एकदा हे जिवाणूच मारत होतो. आता स्पंज मी टँकमधूनच काढलेल्या पाण्यात हलका पिळतो, आणि खडी बाहेर न काढता सायफनच्या नळीने तिच्यातला गाळ तेवढा ओढून घेतो.

जिवाणूंचे काम नायट्रेटपाशी थांबते. पाणवनस्पती त्यातले काही वापरतात, परंतु माझ्या टँकमध्ये त्या थोड्याच आहेत. त्यामुळे बाकीचे नायट्रेट बाहेर काढायचे, तर पाणीच काढावे लागते. नुसती भर घालून हे साधत नाही. पंख्याखाली ठेवलेल्या टँकमधून वाफ होऊन जाते ते निव्वळ पाणी, विरघळलेले सारे मागे राहते, म्हणून कमी झालेली पातळी भरून काढणे म्हणजे पाणी बदलणे नव्हे.

किती बदलायचे, यावर मला मिळालेला पहिला सल्ला आठवड्याला दहा टक्क्यांचा होता आणि तो मी दोन-अडीच महिने पाळला. पुढे टेस्ट किट आणले, चार आठवडे मुद्दाम पाणी न बदलता नायट्रेट मोजले, तेव्हा ते लिटरमागे १० मिलिग्रॅमवरून ४० च्या आसपास गेले. म्हणजे आठवड्याला साडेसात. हिशेबासाठी मी आठ धरले. आठवडाभरात जेवढे नायट्रेट तयार होते, नेमके तेवढेच उपशाबरोबर बाहेर जाऊ लागले की पातळी स्थिर होते. दहा टक्के उपशात आठ मिलिग्रॅम बाहेर जायला हवे असतील, तर टँकमध्ये आधी लिटरमागे ८० साचलेले असावे लागते. २५ टक्क्यांना हीच पातळी ३२ वर येते आणि ५० टक्क्यांना १६ वर. हे गणित प्रथम मांडले तेव्हा मी बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिलो, कारण दहा टक्क्यांच्या सल्ल्यातला दोष त्यात स्पष्ट दिसत होता आणि तो इतके दिवस का दिसला नाही, हेही दिसत होते. स्वच्छ पाण्यापासून सुरुवात केली, तर दहा टक्क्यांच्या नेमाने पाचव्या आठवड्यात नायट्रेट ३३ असते, दहाव्यात ५२, आणि ८० पर्यंतची चढण याहूनही संथ असते. मासे तोवर धडधाकट दिसतात आणि आपण निर्धास्त राहतो.

मी २५ टक्के ठरवले. मात्र २५ टक्के कशाचे, हे आधी मोजावे लागले. टँकची आतली मापे ६० × ३० × ३० सेंटिमीटर आहेत, म्हणून तो ५४ लिटरचा म्हणायचा. पण पाणी २७ सेंटिमीटरपर्यंतच भरलेले असते, तळाचे चार सेंटिमीटर खडीचे असतात, आणि त्या खडीच्या फटींत साधारण चाळीस टक्के पाणी मावते. लाकडाचा तुकडा आणि फिल्टर वजा केल्यावर प्रत्यक्ष पाणी सुमारे ४३ लिटर भरले. काचेवरचा एक सेंटिमीटर म्हणजे १.८ लिटर, तेव्हा चौथा हिस्सा जवळजवळ बरोबर सहा सेंटिमीटर होतो. टँकच्या मागच्या काचेवर मी चिकटपट्टीच्या दोन खुणा केल्या आहेत आणि बादल्या मोजणे सोडून दिले आहे.

मुंबईच्या पाण्याचा एक विशेष इथे लक्षात घ्यावा लागतो. भातसा, वैतरणा, तानसा आदी तलावांतून येणारे हे पावसाचे पाणी शालेय पुस्तकातल्या शब्दात सांगायचे तर सुफेन आहे. त्यात क्षार कमी आणि आम्ल शोषून घेणारे बायकार्बोनेटही कमी असते. अमोनियाचे नायट्रेट होताना आम्ल तयार होते आणि हा तुटपुंजा साठा हळूहळू संपतो, मग पीएच घसरतो, म्हणजे पाणी आम्लधर्मी होत जाते. त्यामुळे आपल्याकडे पाणी बदलणे म्हणजे नायट्रेट काढणे जितके, तितकेच संपलेले बायकार्बोनेट परत देणे असते. ज्यांचा टँक महिनोन्महिने तसाच राहिला आहे, त्यांनी या कारणासाठी एकदम निम्मे पाणी बदलू नये, असे मी आग्रहाने सांगेन. पीएच ७ ला अमोनियाचा एक टक्काही भाग विषारी रूपात नसतो, पण ८ च्या जवळ तोच पाच-सहा टक्के होतो. आम्लधर्मी पाण्यात निरुपद्रवी राहिलेला अमोनिया ताज्या पाण्याने पीएच वाढताच अचानक मासे मारू शकतो. अशा वेळी रोज थोडे थोडे बदलणे बरे.

क्लोरीनसाठी मी शनिवारी सकाळी नळाला पाणी आले की दोन बादल्या भरतो आणि एअर पंपाचा बुडबुडे सोडणारा दगड त्यांत आलटून पालटून सोडून त्या रविवारपर्यंत उघड्या ठेवतो. घाई असली तर सोडियम थायोसल्फेटचे थेंब घालतो. मे महिन्यात हाच मुक्काम दुसऱ्या कारणानेही उपयोगी पडतो. गच्चीवरच्या टाकीतले पाणी दुपारी हाताला चटका देते, आणि गरम पाण्यात प्राणवायूही कमी विरघळतो. रात्रभर घरात राहिले की ते टँकच्या तापमानाला येते.

गणपतीत आम्ही गावी जातो तेव्हा एक रविवार हमखास चुकतो. त्या वेळी ३२ च्या जागी ४० होते, म्हणजे आठ जास्त. परतल्यावर नेहमीचे सहा सेंटिमीटर बदलले की हा फरक सहावर येतो, पुढच्या रविवारी साडेचारवर, आणि चौथ्या बदलानंतर अडीचच उरतो. पहिल्या वर्षी मी गावाहून येताच, सामान दारातच ठेवून, निम्मे पाणी उपसले होते. आता आधी शेजारच्या काकूंना प्रसाद देतो, बादल्या भरून ठेवतो आणि रविवारची वाट पाहतो.