क्रॅकचा फटका बसतो कोणाला?

क्रॅक, म्हणजे लॉक तोडून फुकटात चालवलेलं सॉफ्टवेअर, वापरलं तर "त्या अमेरिकेतल्या कंपनीला काय फरक पडतो" हे वाक्य मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात कायम ऐकू येतं. तिला फटका बसतोच, पण क्रॅकवर शिकलेला पोरगा नोकरीला लागला की त्याचं ऑफिस तेच सॉफ्टवेअर विकत घेतं, म्हणजे थोडीफार भरपाई होते. खरा मार खातो गिरगावातला डीटीपीवाला (कॉम्प्युटरवर पत्रिका, पत्रकं जुळवून देणारा), ज्याने लायसन्सचे पैसे मोजलेत, कारण शेजारचा क्रॅकवर लग्नपत्रिका करून रेट पाडतो आणि गिऱ्हाईक रेटच बघणार ना.

आणि मराठी फॉन्ट बनवणारे! मार्केट आधीच केवढंसं, त्यात एकेक जोडाक्षर, रफार, वेलांट्या नीट बसवायला महिनोन् महिने जातात आणि मग एकच कॉपी अख्ख्या गल्लीत फिरते, मला याचा सगळ्यात जास्त राग येतो. फुकटच हवं असेल तर डिझाइनसाठी इंकस्केप हे सॉफ्टवेअर आहे, मुंबईच्याच 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्यांचा बलू फॉन्ट रीतसर फुकट आहे, पण क्रॅक मिळतोय म्हटल्यावर तिकडे कोण बघतं.

बाकी कॉपीराइट कायद्याचं कलम ६३बी वाचा एकदा. माहीत असून धंद्यासाठी पायरेटेड कॉपी वापरली तर कैद आणि ५०,००० ते २ लाख दंड, आणि तो दुकानदारालाच भरावा लागतो.