रेडिएटरमधली हळद

आधी कबुली देतो. रेडिएटरमध्ये हळद मीच घातली होती. एप्रिलमध्ये सायनच्या सिग्नलला तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला, बॉनेटखालून वाफ निघाली आणि शेजारचा टॅक्सीवाला काच खाली करून म्हणाला, "दो चम्मच हल्दी डालो साहब, घर पहुंच जाओगे." गाडी थंड होऊ दिली, कोपऱ्यावरच्या वाण्याकडून पुडी आणली, टाकली. पोचलोही. हळद पाण्याबरोबर फिरत फिरत भोकाशी जाते आणि तिथे फुगून बसते, म्हणून उपाय चालतो. फक्त ती भोकापाशीच थांबत नाही, चांगल्या नळ्यांमध्येही बसते. पुढच्या आठवड्यात गळती कमी झाली आणि इंजिन जास्त तापायला लागलं.

गाडी १९८९ची पद्मिनी, बाबांनी घेतलेली. बऱ्याच जणांनी नवा रेडिएटर बसवायला सांगितलं. पूर्वी कुर्ल्याच्या भंगारात टॅक्सींचे रेडिएटर सहज मिळायचे. ३० ऑक्टोबर २०२३ला शेवटच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी निवृत्त झाल्या आणि तो झराही आटला. दुकानदाराने दाखवला तो ॲल्युमिनियमचा, वर-खाली प्लॅस्टिकच्या टाक्या. तो फुटला की फेकायचा. आपला जुना पितळी टाक्यांचा, पितळी नळ्यांचा, त्यांच्या मधे तांब्याच्या कागदासारख्या पातळ पट्ट्या, आणि सगळं कथील-शिशाच्या डाखाने, म्हणजे सोल्डरने, जोडलेलं. जे डाखाने जोडलंय ते डाखाने पुन्हा जोडता येतं, या एवढ्या भरवशावर काम हातात घेतलं.

१० मे, शनिवार

काढणं अर्ध्या तासाचं काम. जुने होज पाइप चिकटले होते, ते ओढत बसलो नाही, ब्लेडने उभे चिरले. नाहीतरी नवे लागणारच होते. कूलंट बादलीत धरा, गटारात किंवा जमिनीवर सोडू नका. त्यातलं एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि विषारी. आमच्या पार्किंगमध्ये तीन मांजरं आहेत.

रेडिएटर गच्चीवर नेला. सेक्रेटरींची परवानगी "फक्त रविवारी, आणि सिलिंडर नको" या अटीवर मिळाली. म्हणून आज नुसती धुलाई. आधी साधं पाणी उलट दिशेने, म्हणजे खालच्या पाइपातून वर. पिवळा गाळ आला, त्यात गंजाचे कण. मग धुण्याचा सोडा गरम पाण्यात विरघळवून ओतला आणि खालून जे बाहेर आलं ते लालभडक! क्षणभर वाटलं, आतलं काहीतरी वितळलं. मग ट्यूब पेटली. हळद आणि अल्कली, म्हणजे कुंकू. आजी हळदीत चुना घालून हेच करायची. गच्चीच्या कोब्यावर तो डाग अजून आहे, सेक्रेटरींना कळायचाय.

सोड्यानंतर आतल्या पांढऱ्या थरासाठी लिंबूसत्त्वाचं कोमट पाणी भरून रात्रभर ठेवलं. हा थर बोअरिंगच्या पाण्याचा. पार्किंगमधल्या नळाला बोअरिंगचं पाणी येतं आणि मी बिनधास्त तेच भरत आलो. यापुढे डिस्टिल्ड वॉटर.

११ मे, रविवार

गळती शोधली. होजचे चिरलेले तुकडे बुचं लावून क्लिपांनी आवळले, टोपी घट्ट केली, ओव्हरफ्लोच्या नळीला सायकलचा पंप जोडला आणि सगळं कपड्यांच्या टबात बुडवलं. दाब बेताने द्या. टोपीवर लिहिलेल्या आकड्याच्या वर तर जाऊच नका, जुने सांधे तिथेच उघडतात.

मी हिरवट डागावरून ठरवून बसलो होतो की गळती खालच्या टाकीला आहे. तिथून एक बुडबुडा नाही. डाग नुसता वरून ओघळून तिथे साचलेला. खऱ्या जागा दोन. वरच्या टाकीच्या शिवणीत साधारण दोन इंच लांब चीर, तिथून बारीक माळ निघत होती. आणि पुढून दिसणाऱ्या एका नळीला टाचणीएवढं भोक, तिथून दर तीन-चार सेकंदांनी एक टपोरा बुडबुडा. मार्करने गोल केले. पाण्याने मार्कर पुसला गेला. पुन्हा बुडवलं आणि या वेळी खिळ्याने ओरखडे काढले.

संध्याकाळी उत्साहात ६० वॅटचं सोल्डरिंग आयर्न आणि लॅमिंग्टन रोडवरून आणलेली, सर्किटसाठीची सोल्डरची बारीक वायर घेऊन बसलो. फजिती. पितळ आणि तांबं उष्णता इतक्या झपाट्याने पळवतात की आयर्न लावताक्षणी थंड. सोल्डरचे गोळे झाले, साबुदाण्यासारखे, नखाने टिचकी मारली की उडायचे.

१८ मे, रविवार

तळमजल्यावरचे काका वर आले. परळच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झालीत. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून शिवण पाहिली.

"घासलंस किती?"

"पॉलिश पेपर मारला ना, काका."

"पेपर मारला म्हणजे ओवाळलास. पितळ अजून काळं आहे. डाख मळावर बसत नाही रे बाबा."

दीड तास नुसतं घासलं. आधी तारेचा ब्रश, मग पट्टीवर गुंडाळलेला पॉलिश पेपर, शिवणीत खुपसायला दाढीच्या ब्लेडचा तुकडा. जुना सडलेला, राखाडी भुगा झालेला डाख खरवडून काढला. पितळ नव्या समईसारखं पिवळं दिसेपर्यंत काकांनी पुढे जाऊ दिलं नाही.

फ्लक्स, म्हणजे डाख धरावा म्हणून आधी लावायचं रसायन, त्यांनीच करायला लावला. हार्डवेअरच्या दुकानातलं हायड्रोक्लोरिक ॲसिड काचेच्या बरणीत थोडं घ्यायचं आणि त्यात जस्ताचे तुकडे टाकत राहायचं. टॉर्चच्या जुन्या सेलचं कवच जस्ताचं असतं. फसफसणं थांबलं आणि तळाशी जस्त उरलं की ॲसिड 'मेलं', म्हणजे त्याचं झिंक क्लोराइड झालं. फसफसताना निघतो तो हायड्रोजन, म्हणून हे उघड्यावर आणि आगीपासून लांब. चष्मा घाला. सर्किटच्या वायरीतल्या राळेने जुन्या पितळाचं काही होत नाही.

मग त्यांनी पिशवीतून आपलं हत्यार काढलं. मुठीएवढा तांब्याचा ठोकळा, लोखंडी दांडी, लाकडी मूठ. विजेची गरजच नाही. सिलिंडरला बंदी, म्हणून ठोकळा त्यांच्या स्वयंपाकघरातल्या शेगडीवर तापवायचा आणि जिन्याने धावत वर आणायचा. चार मजले. लिफ्टमध्ये तसलं काही नेणार नाही म्हणून लिफ्टमन अडून बसला.

किती तापवायचं हे मला वाटलं होतं थर्मामीटरने ठरत असेल. काकांनी ज्योतीकडे बोट दाखवलं. ठोकळ्याभोवती निळ्या ज्योतीला हिरवी कड आली की पुरे. लाल होऊ दिला तर टोकावरची कल्हई जळते. टोक नवसागराच्या खड्यावर घासलं, पांढरा धूर, लगेच कथिलाचा हात. टोक आरशासारखं चकाकलं.

आता शिवण. इथे एक गोष्ट मला आधी कुणी सांगितली असती तर बरं झालं असतं. ६०:४० सोल्डर (६० टक्के कथील, ४० टक्के शिसं) १८३ अंशांना वितळायला लागतं आणि १९० पर्यंत पाणी होतं. लांब चिरेत ते थांबतच नाही, ओघळून कोब्यावर पडतं. ४० टक्के कथील, ६० टक्के शिसं अशी कांडी घेतली तर १८३ ते २३८ अंशांपर्यंत ती लोण्यासारखी राहते आणि चिरेत दाबून भरता येते. शिवणीला कांडी, नळीच्या भोकाला ६०:४०, कारण तिथे शेजारचे सांधे सुटायच्या आत काम उरकायचं असतं.

ठोकळा शिवणीवर ठेवला आणि थांबलो. काका मागून, "थांब, थांब, पितळाला तापू दे," म्हणत होते. मग फ्लक्स चरचरला आणि कांडी टेकवल्याबरोबर डाख आपोआप आत ओढला गेला. गोळा नाही, ढीग नाही, चिरेच्या कडेने एक पातळ, चमकदार रेघ धावत गेली. ते दृश्य मी पुन्हा बघायला म्हणून अर्धा इंच जास्तच झाळलं. एवढ्यासाठी तीन फेऱ्या जिन्यावर झाल्या.

नळीचं भोक मात्र नाजूक. आजूबाजूच्या तांब्याच्या पट्ट्या चिमट्याने वाकवून दोन सेंटिमीटरची खिडकी केली, चारी बाजूंना ओली फडकी कोंबली आणि स्वयंपाकघरात पदार्थ वरून खरपूस करायला वापरतात तो छोटा ब्यूटेन टॉर्च (सेक्रेटरी, हा सिलिंडर नव्हे) पाच-सहा सेकंद लांबून फिरवला. एक ठिपका सोल्डर. बसला. ज्योत रेंगाळली असती तर शेजारची नळी सुटली असती, आणि मग आख्खी टाकी उघडावी लागते.

उरलेला फ्लक्स खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आत-बाहेर धुतला. तो राहिला तर पितळ खातो. हातही साबणाने दोनदा धुतले, शिसं आहे, त्याच हातांनी चहा-बिस्कीट नको.

टबात बुडवला. शिवण कोरडी. नळीपाशी एक बुडबुडा आला आणि पोटात गोळा आला. पुसून परत पाहिलं तर पट्ट्यांत अडकलेली हवा होती. दहा मिनिटं पंपाचा काटा हलला नाही.

२५ मे, रविवार

बसवला. नवे होज, नव्या क्लिपा, नवी टोपी, डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट. सकाळी दादर ते मुलुंड आणि परत, येताना मुद्दाम सायनवरून. सिग्नलला अकरा मिनिटं उभा होतो, काटा मधे. हळद सांगणारा टॅक्सीवाला दिसला नाही.

रात्री गाडीखाली वर्तमानपत्र पसरून ठेवलं. सकाळी हिरवा ठिपका एकही नव्हता. काळा एक होता, तो तेलाचा, त्याची आणि माझी जुनी ओळख आहे. कागद घडी करून रद्दीत टाकला.