काजवे संपल्यावरची रतनवाडी

भंडारदऱ्याला काजवे बघायला आम्ही पहिल्यांदा गेलो ते जूनमधल्या एका शनिवारी. शनिवार निवडला तिथेच माती खाल्ली.

ठाण्याहून दुपारी दोनला निघालो. कसारा घाट, घोटीचा फाटा, बारी, सगळं सुरळीत. बारीत चहाला थांबून कळसूबाईकडे मान वर करून पाहिलं. १६४६ मीटर, पण त्यातले वरचे निम्मे ढगात. शेंडीला पोचेपर्यंत उजेड होता. शेंडी ते रतनवाडी हा धरणाच्या कडेकडेने जाणारा रस्ता एरवी तासाभराचा. आम्हाला चार तास लागले.

एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला पाणी आणि मध्ये गाड्यांची न हलणारी रांग. काजवा चमकतो तो जोडीदाराला बोलवायला. झाडावरचे नर एका लयीत लुकलुकतात, आणि ते दिसायला (आपल्यालाही आणि मादीलाही) मिट्ट काळोख लागतो. इथे तर हेडलाइटचा पूर आला होता. कुणी टपावर स्पीकर ठेवून गाणी लावलेली. पुढच्या गाडीतल्या एका मुलाने पाण्याच्या बाटलीत चार काजवे कोंडले होते आणि त्याची आई त्याचा फोटो काढत होती. मी तावातावाने खाली उतरून तिला चार शब्द सुनावले. परत गाडीत बसल्यावर लक्षात आलं की आमचेही दिवे चालूच होते. आमच्या नऊ वर्षांच्या चिरंजीवांना अंधाराची भीती वाटते, म्हणून.

काजवे दिसले का? दिसले. एका वळणावर, कशी कोण जाणे, सगळ्यांचेच दिवे एकदम बंद झाले. समोरच्या झाडावर खालून सुरू झालेली लुकलुक सरसरत शेंड्यापर्यंत गेली आणि तशीच खाली येऊ लागली. तेवढ्यात मागून कुणीतरी डिपर मारला.

रात्री साडेअकराला ज्या घरी राहायचं होतं तिथे पोचलो. मावशी जाग्या होत्या. पिठलं आणि नागलीची भाकरी झाकून ठेवलेली. जेवता जेवता मी गर्दीबद्दल भरपूर बोलून घेतलं. मावशींनी सगळं ऐकलं आणि आणखी एक भाकरी वाढली.

सकाळी अमृतेश्वराच्या देवळात गेलो. हेमाडपंती बांधणीचं, कोरीवकामाने भरलेलं देऊळ, शेजारी दगडी पुष्करणी. पण चपला सांभाळून फोटो काढून परत निघण्याचीच घाई. पुन्हा कधी इकडे फिरकायचं नाही असं नवऱ्याने घोटीला जाहीर केलं.

सप्टेंबरमध्ये त्यानेच गाडी काढली. बहुधा पिठल्यासाठी.

या बाजूच्या पावसाचं काय सांगायचं. घाटघरला नगरची चेरापुंजी म्हणतात. जिल्हा तोच, जिथे पलीकडच्या तालुक्यांत उन्हाळ्यात टँकर फिरतात. नाव तेवढं आता अहिल्यानगर झालंय. आम्ही गेलो तेव्हा पाऊस दमला होता. रस्त्यावर मोजून पाच गाड्या. बांधावर गुलाबी तेरडा, त्याच्यावरच्या उतारांवर सोनकीचा पिवळा जर्द गालिचा, असं लिहावंसं वाटतंय, पण गालिचा हा शब्द या फुलांना फार वापरून झालाय. जवळ जाऊन एक रोप बघितलं तर सोनकी अगदी साधी आहे, बोटाच्या पेरापेक्षा लहान, शाळेतल्या पोराने काढावं तसं फूल. खाचरांत भात निसवला होता. उन्हं चढली की त्याचा एक गोडसर, दुधाळ वास येतो. तो आधी मला कळलाच नाही. मावशींनी लोंबी नाकापाशी धरली तेव्हा कळला, आणि मग दिवसभर सुटला नाही.

रात्री लाईट गेली. आम्ही ओट्यावर बसलो होतो. चिरंजीव माझ्या मांडीला चिकटलेले. अचानक तो म्हणाला, "आई, तिकडे काहीतरी पेटलंय." अंगणाच्या कडेला, दगडी गडग्याच्या पायथ्याशी, फिकट हिरवे दोन ठिपके. एकमेकांना अगदी खेटून. लुकलुकत नव्हते, उडत नव्हते, नुसते मंद तेवत होते. आम्ही दोघं गुडघ्यांवर बसून जवळ गेलो. मोबाईलचा दिवा लावायला माझा हात गेला होता, पोराने तो धरला. बोट लावू का, म्हणाला. नको, म्हटलं. मग डोळे सरावले तशी एक अळी दिसली. चपटी, काळपट, अंगावर एकाखाली एक खवले, करंगळीच्या नखाहून थोडी लांब. दिवे तिच्या शेपटाकडे. आणि डोकं? डोकं दिसेना, कारण ते एका बारक्या गोगलगायीच्या शंखात होतं.

मावशी मागून वाकून म्हणाल्या, "काजव्याचंच हाये ते. पोर हाये अजून."

नंतर वाचलं तेव्हा उलगडा झाला. काजवा उडतो, चमकतो तो जेमतेम दोन-तीन आठवडे. बाकी बहुतेक वर्ष तो असा अळी होऊन ओल्या पाचोळ्यात, जमिनीत काढतो. तेव्हाही उजेड असतोच. खाणं म्हणजे गोगलगायी. चावून आधी बधिर करायची आणि मग पातळ झालेलं मांस शोषून घ्यायचं. म्हणजे जूनमध्ये चार तास रांगेत उभं राहून आम्ही ज्याची शेवटची जत्रा बघायला आलो होतो, तो पठ्ठ्या पावसाभर मावशींच्या अंगणात जेवत होता.

त्या गडग्यापाशी आम्ही किती वेळ बसलो कोण जाणे. पाय मुंग्यांनी भरले. मध्येच अळी थांबली, दिवे विझले, आणि पोरगा श्वास रोखून म्हणाला, "मेली?" मग पुन्हा लागले. आधी एक, मग दुसरा. गोगलगायीचा शंख जरासा हलला. लाईट आली तेव्हा आम्ही दोघंही एकदम "बंद करा, बंद करा" म्हणून ओरडलो. घरातल्यांना वाटलं साप निघाला.

त्या रात्री अंधारात एकटा मोरीपर्यंत जाऊन आला पोरगा. दारात उभी राहून मी बघत होते, ते त्याला सांगितलेलं नाही.

डिसेंबरची फेरी थोडक्यात. थंडी इतकी की देवळाच्या दगडावर अनवाणी पाय टेकवत नव्हता. पाण्यावरून धुकं उठत होतं. भंडारदऱ्याच्या या विल्सन धरणाची भिंत १९२६ साली पुरी झाली, त्याआधी हे पाणी नव्हतं, नुसती प्रवरा होती, रतनगडावरून उतरणारी. हे नवऱ्याने सांगितलं आणि आम्ही कुडकुडत ऐकलं. भात कापून उडव्या रचलेल्या. कापलेल्या खाचरांत धसांवर कोळ्यांनी जाळी विणलेली आणि प्रत्येक जाळ्यावर दंव. उन्हं आली की पंधरा मिनिटांत सगळं गायब. बाकी तीन वेळा चहा प्यायलो आणि शेकोटीपाशी माझ्या शालीला भोक पडलं.

मार्चअखेर गेलो तेव्हा मात्र मी तक्रारीच्याच तयारीत होते. सगळं वाळकं, गवत जळलेलं, धरणाचं पाणी खाली उतरून लाल मातीचा काठ उघडा पडलेला. एखाददुसरा पळस तेवढा पेटलेला. एवढ्या लांब उन्हात करपायला कशाला आलो, असं मी दोनदा म्हटलं.

मावशी घरी नव्हत्या. हिरड्याला गेल्या होत्या. या दिवसांत सगळी वाडी हिरड्याच्या झाडांखाली असते. फळ धरलं की ते कोवळं असतानाच काढायचं, तो बाळहिरडा. अंगणात वाळत घातला की हिरवा असतो तो सुरकुतत तीन-चार दिवसांत काळा कुळकुळीत होतो. व्यापारी किलोवर नेतो, औषधाला. अकोले, जुन्नर, आंबेगाव या पट्ट्यातल्या महादेव कोळी घरांत उन्हाळ्याचा रोख पैसा यायचा मोठा मार्ग हाच.

आम्ही झाडापाशी पोचलो. वर मावशींचा पुतण्या, हातात आकडी. खाली आम्ही वेचायला. तासाभरात माझी कंबर मोडली आणि टोपली निम्मीसुद्धा भरली नाही. शेजारची आठ वर्षांची मुलगी दुसरी टोपली भरत होती.

मी गर्दीचा विषय पुन्हा काढला. येत्या जूनमध्ये ती माणसं परत येणार, झाडं तुडवणार वगैरे. मावशी वेचता वेचता म्हणाल्या, "त्या पंधरा दिसांत खोल्यांचं जे मिळतं ना, त्याच्यावर पोरांच्या शाळंचं निघतं. आन तुमी बी त्याच गर्दीत आल्या होत्या की." मग हसल्या. मी खाली बघून हिरडे वेचत राहिले.

"चावून बघा," म्हणून त्यांनी एक हिरवा हिरडा हातावर ठेवला. मी चावला. कच्चं केळं, सुपारी आणि शाई एकत्र चघळल्यासारखं वाटलं. जीभ टाळूला चिकटली, गाल आतून ओढले गेले. पोरगा माझ्या तोंडाकडे बघून लोळायचा बाकी राहिला. मावशींनी कळशीतून पाणी ओंजळीत ओतलं. मी प्यायले. पाणी गोड लागलं. आवळ्यानंतर लागतं तसं, पण त्याहून जास्त, आणि थंड. पुन्हा प्यायले, पुन्हा गोड. पोराने मग स्वतःहून एक हिरडा तोंडात टाकला, वेडंवाकडं तोंड केलं आणि ओंजळ पुढे केली. संध्याकाळपर्यंत त्याने सहा हिरडे खाल्ले. बाळहिरडा हे पोट साफ करायचं औषध आहे, हे आम्हाला रात्री नीट समजलं. मोरीपर्यंतच्या अंधाराची भीती तोवर पुरती मोडली होती.

मे महिन्यात मावशींना फोन केला, जूनमध्ये येऊ का विचारायला. "जूनमधी नगा येऊ," त्या म्हणाल्या. "खोल्या भरल्यात."

नवरात्रातलं ठरवलंय. भात निसवलेला असेल, आणि गडग्याच्या कडेचा दिवा बंद ठेवायचं त्यांनी कबूल केलंय.