मामाच्या 'जनता'ला नवा पट्टा

रविवार. सकाळपासून पाऊस लागून राहिलाय.

मामाच्या, आता मी वापरते त्या एचएमटी 'जनता' घड्याळाचा पट्टा आज घरीच बदलला. जुना पट्टा भोकापाशी चिरत चालला होता आणि लोकलच्या गर्दीत त्याला घामाचा कुबट वास येऊ लागला होता. चामडं घाम पितं, घामातलं मीठ आत साठतं, अस्तर फुगून सुटायला लागतं आणि पावसाळ्यात त्यावर बुरशी धरते. एकदा इतकं झालं की कितीही पुसा, उन्हात ठेवा, उपयोग नसतो.

मागच्या खेपेला एका दुकानात पट्टा बदलून घेतला होता. गिऱ्हाईकं खोळंबलेली, त्या माणसाने पेचकसाचं टोक खुपसून पिन उचकटली आणि घड्याळावर कायमचा चरा पडला. मामाने हे घड्याळ इतकी वर्षं वापरलं, पण असा ओरखडा त्यावर नव्हता. तेव्हाच ठरवलं, या घड्याळाचं हे काम आता आपणच करायचं.

काम अवघड नाही, पण ते नीट समजून घ्यायला हवं. घड्याळाच्या केसला, म्हणजे बाहेरच्या धातूच्या डबीला, वर-खाली दोन-दोन कान असतात आणि त्या कानांच्या मध्ये पट्टा बसतो. त्याला धरून ठेवणारी पिन म्हणजे एक पोकळ नळी, आत बारीक स्प्रिंग, दोन्ही टोकं आत दबणारी. ही टोकं कानांच्या आतल्या भोकांत जाऊन बसतात. टोकाजवळ पिनेला एक कडा असते. पट्टा काढायच्या हत्याराचं टोक दुभंगलेलं असतं, ते या कडेवर टेकवायचं आणि पिन आत दाबायची. जोर लावायचा तो पट्ट्याच्या मध्याकडे, केसकडे मुळीच नाही. हत्यार निसटलं तरी मग चरा पडत नाही. मी कानांना कागदी चिकटपट्टीही लावून घेतली होती.

हे सगळं परातीत केलं. परातीत पंचा, पंच्यावर घड्याळ पालथं. स्प्रिंगची पिन सुटली की उडते, आणि जमिनीवर गेली की सापडत नाही. परातीत पडली तर निदान आवाज तरी येतो.

पट्टा घेण्याआधी दोन कानांमधलं अंतर मोजायचं. या घड्याळाचं १८ मिलिमीटर आहे. २० चा पट्टा घेतला तर दोन्ही कडांनी चुरगळतो, १६ चा घेतला तर पिनेवर इकडेतिकडे सरकत राहतो आणि कडेने फट दिसते. अंदाजाने घेऊ नये, पट्टी लावून बघावं. बक्कल असलेला आखूड तुकडा १२ च्या बाजूला, भोकं असलेला लांब तुकडा ६ च्या बाजूला.

जुन्या पिना मी परत वापरल्या नाहीत. घामाने त्या आतून गंजतात, टोकं झिजतात, आणि एखाद्या दिवशी घड्याळ फलाटावर पडतं. चांगल्या पट्ट्याबरोबर नव्या पिना येतातच. हल्ली पट्ट्याच्या मागच्या बाजूला बारीकशी खुंटी असलेल्या पिनाही मिळतात. खुंटी नखाने सरकवली की पट्टा निघतो, हत्यार लागतच नाही.

पट्टा काढल्यावर कानांच्या आतल्या बाजूला कितीतरी मळ निघाला, काळा, घट्ट, भोकांच्या तोंडाशी दाबून बसलेला. मऊ टूथब्रश कोरडाच फिरवला, भोकं लाकडी काडीने टोकरली. पाणी अजिबात लावलं नाही, या घड्याळात ते शिरायला वेळ लागत नाही. मग नवी पिन पट्ट्यात घातली, एक टोक भोकात, दुसरं दाबून सरकवलं. 'कट्' असा बारीक आवाज आला. त्यावर विसंबले नाही. पट्टा जरा जोराने ओढून बघितला, दोन्ही बाजूंनी.

'जनता' चावीचं घड्याळ, १७ ज्वेल्सचं, म्हणजे आतली चाकं झिजू नयेत म्हणून बसवलेले १७ बारीक खडे. एचएमटीने सिटिझन या जपानी कंपनीच्या सहकार्याने १९६१ मध्ये बंगळुरूत घड्याळं बनवायला सुरुवात केली आणि २०१६ मध्ये सरकारने ती घड्याळ कंपनी बंद करायला मंजुरी दिली. म्हणजे आतलं काही बिघडलं तर आता जुना जाणता कारागीर शोधायचा आणि सुटे भाग मिळताहेत का बघायचं. पट्ट्याचं तसं नाही. १८ चा पट्टा कोणीही बनवो, कुठेही बनवो, तो यात बसतो. घड्याळ उघडायचं काम माझं नाही, ते मी कधी करणारही नाही. पण मालकाने निर्धास्तपणे हात घालावा अशी ही एक जागा आहे, आणि ती सांभाळली तर बंद झालेल्या कंपनीचं घड्याळही रोज हातावर राहू शकतं. मला याचं फार समाधान वाटतं.

संध्याकाळी मामाला फोटो पाठवला. लगेच फोन आला. "छान दिसतोय गं. चावी रोज एकाच वेळी देतेस ना?" म्हटलं, सकाळी चहा झाला की देते. मग जरा थांबून म्हणाला, त्याच्या आताच्या घड्याळाची स्टीलची चेन सैल झालीय, हात आडवा केला की पार कोपराकडे जाते. गेल्या आजारपणात त्याचा हात खूपच बारीक झालाय. मी त्याला चेनच्या आतल्या बाजूचा फोटो काढायला सांगितला. कड्यांवर बाण कोरलेले स्पष्ट दिसताहेत, म्हणजे पिना त्या दिशेने ठोकून निघतील. दोन्ही बाजूंनी सारखीच कडी काढायला हवीत, नाहीतर चेन बंद करायची पकड मनगटाच्या एका अंगाला जाते. गणपतीला सांगलीला जाईन तेव्हा पिना ठोकायचा बारीक पंच आणि लहान हातोडी बरोबर न्यायची आहे. परात मामीकडे आहेच.