सकाळ अजून उशिराच उजाडते

४ जानेवारी, पहाटे

शुभेच्छांचे मेसेज एकदाचे थांबले. १ तारखेला दर वेळी "तुम्हालाही" लिहिताना बोट अडखळत होतं. चारजणांनी तर एकच चित्र पाठवलं, उगवत्या सूर्याचं.

काल गेल्या वर्षीची डायरी चाळली. १७ जानेवारीपर्यंत अगदी रोज लिहिलंय, पुढे कोरी पानं, आणि जूनमध्ये एकच ओळ: "बाबांचा उजवा हात उचलत नाहीये." त्यानंतर वर्ष संपेपर्यंत काहीच नाही.

अर्धांगाचा झटका होता. बोलणं शाबूत राहिलं, हात गेला. पहिले तीन महिने रोज काहीतरी नवं घडायचं. आज बोटं हलली, आज पेला धरला. आम्ही हुरळून गेलो होतो. सुरुवातीचे तीन ते सहा महिनेच सुधारणेचा वेग जास्त असतो, हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, पण तेव्हा कोण ऐकतंय! आता सातवा महिना चालू आहे. "होईल, पण हळूहळू," असं ते म्हणतात, आणि त्या 'हळूहळू'चीच मला भीती वाटते. रोज फरक दिसत असताना आशा धरायला काय लागतं? काही दिसेनासं झालं की खरी पंचाईत.

बाबा रोज सकाळी उजव्या हाताने वहीत तारीख लिहितात. व्यायाम घ्यायला येणाऱ्या ताईंनीच हे लावून दिलंय. मेंदूचा जो भाग गेला तो गेला, पण तीच हालचाल पुन्हा पुन्हा केली की शेजारचे भाग ते काम थोडंफार उचलतात म्हणे. १ तारखेला त्यांनी गेलंच साल लिहिलं. माझ्या पोटात गोळा आला, आता स्मरणशक्तीही का? मग आठवलं, ऑफिसात जानेवारीभर निम्मी माणसं हेच करतात. मी हसले. ते मात्र वैतागून खोडत बसले.

सहाला उठून त्यांच्याशेजारी खिडकीत बसते, त्यामुळे एक गोष्ट लक्षात आली. सर्वांत लहान दिवस २१-२२ डिसेंबरला होऊन गेला, तरी सूर्य रोज आणखी उशिरा उगवतोय. आधी वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. शोधलं तर खरंच तसं आहे. घड्याळाचा दिवस बरोबर २४ तासांचा, पण या दिवसांत एका मध्यान्हीपासून दुसऱ्या मध्यान्हीपर्यंत सुमारे अर्धा मिनिट जास्त लागतो. पृथ्वीचा आस कललेला, शिवाय जानेवारीच्या सुरुवातीला ती सूर्याच्या सर्वांत जवळ, म्हणजे साधारण १४.७ कोटी किलोमीटरवर असते आणि जोरात पळते. (इतक्या जवळ असून ही थंडी!) त्यामुळे उगवणं आणि मावळणं दोन्ही पुढे सरकतं. उत्तर गोलार्धात दिवस वाढतोय तो संध्याकाळच्या बाजूने. आपण बघत बसतो सकाळ. विषुववृत्ताच्या जितकं जवळ जावं, तितका हा उशीर जानेवारीत लांबतो.

परवा बाबांनी शर्टाचं वरचं बटण लावलं. कधी जमायला लागलं, मला पत्ताच नाही. मी रोज अक्षर बघत होते.

डायरीचंही तेच. १७ तारखेनंतर एक दिवस चुकला म्हणून मी सगळंच सोडून दिलं. लंडनमधल्या संशोधकांनी ९६ जणांच्या सवयींवर केलेला अभ्यास २०१० मध्ये छापून आला. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, पण कुणाचा अंदाज १८ दिवसांचा, तर कुणाचा २५४. मधला एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नव्हतं. २५४ वाल्याबद्दल मला फार आपुलकी वाटली.

यंदा संकल्प केलेला नाही. "बाबा बरे होतील" असंही लिहिणार नाही, मला ते ठाऊक नाही. वहीची पानं संपत आलीत, नवी आणायची आहे. दोनशे पानी आणेन.

आत्ता त्यांनी ४ काढला. खालची गाठ सुटली, पुन्हा काढला. मग वही माझ्याकडे सरकवत म्हणाले, "माझं झालं. तुझी वही कुठंय?"

बाहेर अजून काळोख आहे. दिवा लावूनच लिहितेय.